जरा ॲडजस्ट करा

‘ॲडजस्ट’ म्हणजे यंत्राचा भाग नीट जुळवणे, असं शाळेत शिकलो होतो. इथे स्क्रू आपलाच पिळतात! लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, “जरा ॲडजस्ट करा” म्हणत अर्धं बूड टेकतो आणि ठाणं येईपर्यंत ऐसपैस होतो. (चौथी सीट हा मुंबईकराचा हक्कच, तक्रार नाही.) वाण्याकडे याचा अर्थ सुट्ट्यांऐवजी गोळ्या, शिंप्याकडे दिवाळीचा सदरा तुळशीच्या लग्नाला. हेही सोसतो. पण लग्न ठरलेल्या मुलीला चार मावश्या गोल बसवून हेच सांगतात, तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं. तिने नोकरी, झोप, आडनावसुद्धा ॲडजस्ट करायचं. आणि जावईबापूंनी? छे हो, त्यांना चहात साखरसुद्धा कमी चालत नाही!