मुक्काम गावात, पक्षी तळ्यात

बहिरमच्या यात्रेला बंडीने गेलेली माणसे आमच्या अमरावती जिल्ह्यात अजून आहेत. डिसेंबरच्या उत्तरार्धात ही यात्रा भरते आणि महिनाभर चालते. बंडीत कडबा, गोधड्या, पिठाचे डबे टाकून अख्खे कुटुंब निघायचे, राहुटी ठोकायचे, गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, हंडीत मटण शिजवायचे आणि चार दिवसांनी परतायचे. तेव्हा घर चाकांवर घालून हिंडणे ही अमेरिकेची कल्पना आहे, असे निदान वऱ्हाडी माणसाला कोणी सांगू नये!

आता बंडीच्या जागी पलंग, शेगडी आणि मोरी असलेली मोटार आली. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. हौशी मंडळी हिवाळ्यात अशी गाडी घेऊन, गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी पाहायला निघतात. मला ही हौस मनापासून आवडते. माझे भांडण आहे ते फक्त गाडी उभी करण्याच्या जागेशी.

रस्त्याची अडचण आता राहिली नाही. कर्जाच्या विहिरी तपासायला जीपमधून हाडे खिळखिळी करीत आम्ही ज्या अमरावती-अकोला रस्त्याने जायचो, त्याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनेस बुकात विक्रम झाला. पण पक्षी काही हमरस्त्यावर बसत नाहीत. त्यांच्यासाठी डांबर सोडून धरणांकडे वळावे लागते. अकोल्याला पाणी पाजणारे महानचे काटेपूर्णा, अमरावतीला पाजणारे मोर्शीजवळचे अप्पर वर्धा आणि शिवाय पाटबंधाऱ्याचे असंख्य लहान तलाव.

ही धरणे कोणी पक्ष्यांसाठी बांधली नाहीत. पण दिवाळीनंतर पाणी उतरू लागते, काठाला चिखल आणि उथळ पाणी उघडे पडते आणि तेच पाहुण्यांचे ताट होते. तलवार बदके, चक्रवाक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. वारकरी तर आमच्याकडे पाण्यावरही असतात. त्या काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या पाखराचे मराठी नावच ते आहे. पुष्कळशी बदके रात्री चरतात, हे मात्र पर्यटकांना ठाऊक नसते. तळ्याच्या काठाशी गाडी लावून दिवे पेटवले, गाणी लावली, की बदकांचे जेवणाचे ताट आपण ओढून घेतले म्हणून समजा. दर वेळी घाबरून उडण्यात अंगावरची चरबी खर्ची पडते आणि परतीच्या प्रवासाची शिदोरी तीच असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुदत ठेव मुदतीपूर्वीच मोडावी लागते.

त्याच काठावर दुसराही एक हक्कदार आहे. उतरलेल्या पाण्याखालच्या जमिनीत गाळपेर करणारा शेतकरी. त्याचा कोवळा गहू-हरभरा कादंबांच्या थव्याला आवडतो आणि आपल्या गाडीच्या चाकांनाही तो दिसत नाही. एकदा असाच एक जण दुर्बिणीकडे पाहत मला म्हणाला, “पाखरं पाहाले इतक्या दुरून आले जी? आमी तं हाकलून राह्यलो!” त्याला पक्षिप्रेमावर व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

अभयारण्यात निदान वनखात्याचे नियम असतात. १८८४ नंतर कोणाला न सापडलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि पुढे आपल्या मेळघाटातही सापडला, तो जंगल राखलेले होते म्हणून. मारुती चितमपल्ली त्याच मेळघाटात वनाधिकारी होते. मराठी माणसाला पाखरांची नावे पुन्हा शिकवणारा हा माणूस जून २०२५ मध्ये गेला. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. त्या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. भाषणे, चित्रस्पर्धा, सगळे होते. पाटबंधाऱ्याच्या तलावाच्या काठावर रात्री गाडी उतरवू नये, असा साधा फलक मात्र मला कुठे दिसला नाही.

या गाड्यांसाठी वाहनतळ बांधायचेच आहेत, तर ते पाण्यापासून लांब, गावात बांधा. खळ्याची मोकळी जागा, एक नळ, एक संडास, एवढे पुरे. भाडे थेट त्या शेतकऱ्याच्या खात्यात जाऊ द्या. गाळपेरीत कादंबांनी खाल्लेल्या गव्हाची थोडी तरी भरपाई होईल आणि थवा हाकलताना त्याचा हात जरा सैल पडेल. रात्री आगटीभोवती हुरडा आणि चटणी, गाणी म्हणायची तर तिथे खुशाल म्हणा. आणि पहाटे मालकाबरोबरच बांधाबांधाने पायी तळ्यावर निघा. ओलितासाठी त्याला त्या वेळी उठावेच लागते, कारण शेतीची वीज आमच्याकडे पुष्कळदा रात्रीची येत आली आहे.