पोटाखालचे सहा सेंटिमीटर

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये हल्ली गाडीचा मान इंजिनावर नाही, ती किती खाली बसवलीय यावर ठरतो. ‘काय बसलीय रे!’ ही सगळ्यात मोठी शाबासकी. मीही ती दिलेली आहे, तेव्हा हा लेख वाचून काही जण हसतील. हसू देत.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पाच जण अशाच एका बसवलेल्या गाडीतून गणपतीपुळ्याहून आरे-वारे मार्गे परत येत होतो. गाडी रूम पार्टनरची. स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरने कापून घेतलेले, खर्च जवळजवळ शून्य. वाटेत खड्ड्यातून वर आलेल्या जांभ्या दगडावर पोट घासलं. कोणी उतरून बघितलं नाही, कारण तो आवाज रोजचाच. पुढच्या चढावर ऑईलचा लाल दिवा लागला. ‘सेन्सर गेला असेल’, एकमताने निर्णय! चेंबर फुटला होता. उतारावर इंजिन बंद पडलं आणि स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनाकडून मिळतो. इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबेपर्यंत तो पुरतो, मग फक्त पायाची ताकद. हँडब्रेक ओढून गाडी डोंगराकडच्या गटारात घातली, तेव्हा थांबली. दुसऱ्या बाजूला समुद्र होता.

आता हिशोब बघू, आपण इंजिनिअर होणार ना? छोट्या गाडीला कंपनी साधारण 17 सेंटिमीटर ग्राउंड क्लिअरन्स देते. आम्ही त्यातले 6 घालवले, उरले 11. पाच जण आणि बॅगा बसल्यावर आणखी 4 गेले. म्हणजे 7. बोटभर लांबीचा दगड पुरतो.

शिवाय स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे मशीन डिझाईनच्या पेपरात आपण सगळेच लिहितो. सहातला एक वेढा कापला की स्प्रिंग 20 टक्के कडक होते. गाडी ‘टाइट’ वाटते ती यामुळे. पण चाकाला वर यायला जागाच उरत नाही. खड्डा आला की सस्पेन्शन रबर स्टॉपवर आदळतं आणि टायर क्षणभर रस्ता सोडतो. हेच पावसात आंबा घाटातल्या वळणावर झालं तर? उलट चाक खाली लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल पडते.

गुरुत्वमध्य खाली आला की गाडी वळणावर कमी कलते, हे खरंच. त्यावर फॉर्म्युला वनचा दाखला हमखास येतो. पण तिथेही 1994 पासून गाडीच्या पोटाखाली 10 मिलिमीटर जाडीची फळी सक्तीची आहे. ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झिजली तर निकाल रद्द. त्याच वर्षी बेल्जियमची शर्यत जिंकलेल्या मायकेल शूमाकरचा विजय त्यामुळेच गेला. आणि ते ट्रॅक गुळगुळीत असतात हो, हातखंब्याहून शहरात येणारा रस्ता नव्हे.

कायद्याचं थोडक्यात: 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने असे परस्पर बदल करता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

एक तक्रार मात्र स्टाफकडे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, पण 3.7 मीटर रुंद असतो. त्याच्या गोलाईवर छोट्या गाडीच्या पोटाखालचे जेमतेम 4 सेंटिमीटर जातात. आपल्या गेटवरचा आम्ही पट्टी लावून मोजला: उंची 12 सेंटिमीटर, रुंदी दीड फूट. अख्खी उंची पोटाखाली येते. कंपनीतून आली तशी, पण भरलेली गाडीसुद्धा तिथून सेंटिमीटरभर अंतराने सुटते. सिव्हिलच्या पोरांना प्रोजेक्ट हवाच असतो. सिमेंट तेवढं कॉलेजने द्यावं.