बाई, माझं नाव कुठंय?

मुलांनो, मागच्या महिन्यात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. माझ्या चौथीच्या वर्गानं पोवाडा बसवला होता. डफ घेऊन शाहीर पुढे, त्याच्या मागे चार झीलकरी आणि अगदी कडेला तुणतुणं धरलेला एक मुलगा. तुणतुण्याला तार एकच. तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं टुंग टुंग टुंग. सरावाच्या वेळी एकदा तो आला नव्हता, तेव्हा शाहिराचा सूर असा काही घसरला की सगळा पोवाडाच लंगडायला लागला. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरीही कार्यक्रमाचा तक्ता लिहायला बसले तेव्हा शाहिराचं नाव लिहिलं, चारही झीलकऱ्यांची लिहिली आणि पेन बंद केलं.

पोवाडा झकास झाला. टाळ्या पडल्या. नंतर आम्ही सतरंज्या गोळा करत होतो, तेव्हा तो मुलगा तक्ता वाचून माझ्याजवळ आला. "बाई, माझं नाव कुठंय?" एवढंच म्हणाला. रडला नाही की रागावला नाही. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

घरी येऊन धाकट्या भावाला हे सांगितलं. तो कॉलेजात असताना एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. तो म्हणाला, "ताई, आमची पण अशीच गत. गायकाचा फोटो बॅनरवर आणि आम्ही ड्रमच्या मागे. तुला जेमरसनची गोष्ट माहीत नाही ना?" मला माहीत नव्हती. त्यानं सांगितली, मग मी आणखी वाचलं. आज तीच तुम्हाला सांगते.

आधी बेस गिटार म्हणजे काय ते पाहू. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात, हिला बहुधा चार. तारा चांगल्या जाडजूड आणि मान लांब. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार छेडली, तर ती सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. बेसची सगळ्यात जाड तार थरथरते ४१ वेळा. निम्मी कंपनं, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. शेजारच्या घरात मोठ्यानं गाणं लागलं की भिंतीतून तुम्हाला काय ऐकू येतं? शब्द नाहीत, बासरी नाही, नुसतं धूम धूम. उंच स्वर भिंतीत अडतात आणि खालचे आरपार येतात. मिरवणूक लांब असते तेव्हासुद्धा आधी ढोलच ऐकू येतो, ताशा जवळ आल्यावर.

या खालच्या सुराची कामं दोन. ड्रमच्या हातात हात घालून ताल पकडायचा, आणि गाणाऱ्याच्या पायाखाली जमीन द्यायची. तानपुऱ्यासारखा तो एका जागी बसत नाही. गाणं जिथं जाईल तिथं तो आधी जाऊन उभा राहतो.

पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा एका अवाढव्य व्हायोलिनसारख्या वाद्यावर चालायचं. त्याला डबल बेस म्हणतात. ते घेऊन बसमध्ये चढून दाखवा! मग १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर या माणसानं विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी बेस गिटार बाजारात आणली. तिच्या मानेवर पट्ट्या होत्या, त्यामुळे बोट नेमक्या सुरावर पडायचं. गंमत म्हणजे फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

आता जेमरसन. जेम्स जेमरसन १९३६ साली अमेरिकेच्या दक्षिणेला, साउथ कॅरोलायना राज्यातल्या एडिस्टो नावाच्या बेटावर जन्मला. घरची गरिबी. त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. तो मुंग्यांच्या वारुळात काठी रोवायचा, तिला रबर ताणून बांधायचा आणि वाजवायचा. कशासाठी? तर मुंग्यांना नाचवण्यासाठी! मुंग्या खरंच नाचत असतील का, हे विचारू नका. पण रबर थरथरलं की काठी थरथरते आणि काठी थरथरली की जमीन, हे त्या पोराला कळलं होतं.

१९५४ साली तो आईबरोबर डेट्रॉइटला आला. हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या शाळेत त्यानं डबल बेस हातात घेतला. त्याच शहरात मोटारींच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी या तरुणानं १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली. मोटारींचं गाव म्हणून पुढे तिचं नाव पडलं मोटाऊन. एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. वादक त्या कोंदट खोलीला सापांचं बीळ म्हणायचे, कारण सगळीकडे वायरच वायर. या बिळात जेमरसन बसला आणि पुढची जवळजवळ तेरा वर्षं तिथंच वाजवत राहिला.

त्याची पद्धत ऐका. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, तेवढ्यावर सगळी वाजवणी. दुसरे वादक दोन-तीन बोटं वापरतात. तारा तर तुटल्याशिवाय तो कधी बदलायचाच नाही. तारांवर मळ साचला की आवाज गोड होतो, असं त्याचं म्हणणं. (पाण्याच्या बाटलीबद्दल हा युक्तिवाद आईपुढे करू नका.) आणि मुख्य गोष्ट ही की तोपर्यंत बहुतेक बेसवादक ठरलेल्या दोन-चार सुरांवर पावलं टाकत चालायचे. जेमरसनचा बेस गाण्याच्या खाली दुसरं गाणं गायला लागला. तो उड्या मारतो, थबकतो, पुन्हा धावतो. पण गायकानं तोंड उघडलं की बाजूला सरतो. मला यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही बाजूला सरण्याची वाटते. येत असूनही न वाजवणं. वर्गात उत्तर येत असताना दुसऱ्याला बोलू देणं तुम्हाला किती जड जातं, आठवून बघा!

'माय गर्ल' हे १९६४ सालचं गाणं जगभर गाजलं. ते सुरू होतं तेव्हा पहिले काही क्षण दुसरं काहीच नाही, फक्त बेस. तो जेमरसनचा. गाणाऱ्या 'टेम्प्टेशन्स'चं नाव सगळ्यांना ठाऊक झालं. 'सुप्रीम्स' ठाऊक झाल्या, स्टीव्ही वंडर ठाऊक झाला. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या तळाशी हाच माणूस होता. पण रेकॉर्डच्या वेष्टणावर वादकांची नावं छापायची पद्धत तिथं नव्हती. कामाचे पैसे मिळायचे, नाव नाही. मार्विन गे या गायकाची 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही रेकॉर्ड १९७१ साली निघाली, तिच्यावर वादकांची नावं छापली गेली आणि जेमरसनचंही आलं. बारा वर्षं वाजवल्यानंतर!

पुढच्याच वर्षी कंपनीनं डेट्रॉइट सोडलं आणि ती लांब लॉस एंजेलिसला गेली. जेमरसनही मागोमाग गेला, पण तिथं त्याचं बस्तान बसलं नाही. संगीताची फॅशन बदलली होती. दारूचं व्यसन आधीपासून होतंच, ते वाढलं. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. काही माणसं उगीचच म्हणतात की कलावंताला असली सवय लागतेच. मला हे बिलकूल पटत नाही. दारूनं त्याची कामं गेली, तब्येत गेली.

२५ मार्च १९८३ रोजी मोटाऊनच्या २५ वर्षांचा मोठा सोहळा झाला. याच सोहळ्यात मायकल जॅक्सननं मागे मागे घसरत जाणारा तो नाच केला, जो तुमच्यातल्या निम्म्यांनी आरशासमोर करून पाहिला असेल. सगळे तारे-तारका स्टेजवर. आणि जेमरसन? त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. त्यानं बाहेर ब्लॅकनं तिकीट घेतलं आणि मागच्या खुर्च्यांमध्ये जाऊन बसला. स्वतःनं वाजवलेली गाणी त्यानं तिथून ऐकली.

त्याच वर्षी त्याची लाडकी बेस गिटार चोरीला गेली. ती काही त्याला परत मिळाली नाही. थोड्याच दिवसांनी, २ ऑगस्ट १९८३ ला, तो वारला. वय ४७.

भावानं गोष्ट इथंच थांबवली असती तर मला रात्री झोप आली नसती. पण पुढे इंग्लंडमधला एक धागा आहे. 'बीटल्स' हे नाव तुमच्या आईबाबांनी नक्की ऐकलंय. त्यातला पॉल मॅकार्टनी आधी साधी गिटार वाजवायचा. १९६१ साली त्यांचा बेसवादक चित्रकलेसाठी गट सोडून गेला. मागे उभं राहायचं ते काम कुणालाच नको होतं, म्हणून ते पॉलच्या गळ्यात पडलं. तो डावखुरा. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात त्यानं व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार सुमारे ३० पौंडांना घेतली. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसायची, त्यामुळे उलटी धरली तरी विचित्र वाटत नसे. गळ्यात पडलेलं काम त्यानं असं केलं की बेसकडे बघायची लोकांची नजरच बदलली. आणि तो शिकला कुणाचं ऐकून? मोटाऊनच्या गाण्यांमधला तो बेस ऐकून. मॅकार्टनीनं पुढे स्वतःच सांगितलं की जेमरसन आपला हीरो होता, पण बरीच वर्षं आपल्याला त्याचं नावच माहीत नव्हतं.

बघा, जगातला सगळ्यात प्रसिद्ध बेसवादक. गुरूचे सूर पाठ आणि गुरूचं नाव ठाऊक नाही!

(मॅकार्टनीचीही ती गिटार १९७२ साली लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली. ती मात्र सापडली. हेस्टिंग्ज गावातल्या एका घराच्या माळ्यावर पडून होती. २०२४ साली ती त्याला परत मिळाल्याची बातमी जाहीर झाली.)

जेमरसनचं नाव शेवटी लोकांपुढे आलं. १९८९ साली त्याच्यावर पुस्तक निघालं, त्यात त्याची वाजवणी सुरासुरानं लिहून काढलेली आहे. २००० साली रॉक संगीताच्या अमेरिकेतल्या मानाच्या यादीत त्याला जागा मिळाली. बघायला तो नव्हता.

मी भावाला म्हटलं, म्हणजे सगळ्या मागच्या वादकांना हेच दुःख असणार. तो म्हणाला, "थांब, कॅरोल के या बाईंचं ऐक." कॅरोलबाईंचा जन्म १९३५ सालचा. पोरवयातच त्या गिटार शिकवून घराला हातभार लावू लागल्या. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवादक आलाच नाही. बाईंनी बेस गिटार उचलली आणि तेच त्यांचं काम झालं. स्टुडिओत बहुतेक सगळे पुरुष, ह्या एकट्या बाई. मुलांना सांभाळायचं, वेळेवर पोचायचं, समोर कागद येईल तो वाजवायचा, दुसऱ्या स्टुडिओत पळायचं. अशी हजारो रेकॉर्डिंग त्यांनी केली. 'बीच बॉइज' या गटाची १९६६ सालची 'पेट साउंड्स' ही रेकॉर्ड त्यातलीच. १९६९ साली बेस शिकवणारं पुस्तकही लिहिलं. २०२५ साली त्यांना त्याच मानाच्या यादीसाठी निवडलं, तेव्हा नव्वदीच्या कॅरोलबाईंनी चक्क नको म्हणून कळवलं. स्टुडिओतलं काम सगळ्यांनी मिळून केलेलं असतं, हा मान त्या कामाला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग बरोबर कोण? मी दोन दिवस विचार केला. कॅरोलबाईंना कुणीतरी विचारलं होतं, म्हणून त्यांना नाही म्हणता आलं. जेमरसनला कुणी विचारलंच नाही. आणि माझ्या तुणतुणेवाल्यालाही मी विचारलं नव्हतं.

आपल्या मुंबईतही हेच चालायचं. हिंदी चित्रपटांच्या जुन्या गाण्यांमागे गोव्याहून आलेले कितीतरी वादक होते. तबकडीवर नाव गायकाचं आणि संगीतकाराचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यापैकी एक. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'च्या एका गाण्यात गुरूचं नाव घालून टाकलं. गाणं गल्लोगल्ली वाजलं, पण हे नाव खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. तक्ता फलकावर तसाच होता. पेन काढलं आणि झीलकऱ्यांच्या खाली लिहिलं, तुणतुणे, आणि पुढे त्याचं नाव. तो मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाई, वडिलांचं पण लिहा. बाकीच्यांचं आहे." लिहिलं.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या आवडीचं एक गाणं निवडा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका, इतके खालचे सूर त्याला झेपत नाहीत. घरातल्या मोठ्यांचे इयरफोन मागून घ्या, आवाज बेताचा ठेवा. पहिल्यांदा गाणं नेहमीसारखं ऐका. दुसऱ्यांदा गाणाऱ्याकडे लक्षच द्यायचं नाही, खालून कोण चाललंय ते शोधा. सापडला की तेवढाच गुणगुणून बघा. मग तो वाजवणाऱ्याचं नाव कुठं मिळतं का ते पाहा, आणि मिळालं तर गाण्याच्या नावासकट मला पोस्टकार्डावर कळवा. नाही मिळालं तर कुठं कुठं शोधलं ते लिहा.