हरलेल्या मॅचचा दोष कोणाच्या नावावर?

प्रति,
केंद्रीय युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय : ई-स्पोर्ट्सच्या मार्गदर्शक सूचनांत हरलेल्या सामन्याच्या उजळणीला जागा मिळण्याबाबत



२६ फेब्रुवारी २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला आणि बघता बघता केरळविरुद्ध विदर्भाची अवस्था ३ बाद २४ झाली. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर या दोघांनी चौथ्या गड्यासाठी २१५ धावा जोडल्या. दिवस उतरणीला लागला असताना धाव घेताना दोघांचा ताळमेळ चुकला, रोहन कुन्नुमलची फेक थेट यष्टीवर बसली आणि नायर ८६ धावांवर धावबाद झाला. बाद होऊन परतणारा फलंदाज कसोटीत त्रिशतक ठोकलेला, तर खेळपट्टीवर उरलेला नागपूरचा तरुण पहिलाच रणजी हंगाम खेळणारा. बोट दाखवायला याहून सोपी जागा कोणती?

धावफलकात मात्र त्या चुकीबद्दल एक अक्षर नाही. नायरच्या नावापुढे ‘धावबाद’ आणि चेंडू फेकणाऱ्याचे नाव, एवढेच. हाक कोणी दिली, नको कोण म्हणाले, अर्ध्यात कोण थबकले, हे स्कोअरर लिहीत नाही. गोलंदाजाच्या खात्यातही ती विकेट जात नाही. भागीदारीच्या २१५ धावा दोघांच्या नावावर लागतात आणि ती भागीदारी जिथे तुटली ती चूकही दोघांच्या मध्येच राहते. दुसऱ्या दिवशी मालेवार १५३ पर्यंत गेला, नायरने दुसऱ्या डावात १३५ केल्या आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीच्या जोरावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला.

याच शहरात संघाचा आणखी एक खेळ रोज संध्याकाळी रंगतो. नंदनवन असो, प्रतापनगर असो की मानेवाड्याचा चौक, चहाच्या टपरीमागे चार पोरे, चार मोबाइल आणि चार इअरफोन हे चित्र नागपूरकरांच्या ओळखीचे आहे. बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, सुरू असते. पंधरा-वीस मिनिटे दबक्या आवाजात बोलणे चालते आणि मग एकदम भडका उडतो. ‘अबे, काहून थांबला बे?’ ‘तुझ्यामुळंच गेलो सगळे!’ ज्याला उद्देशून हे चालले असते तो मान खाली घालून स्क्रीनकडे बघत राहतो. पुढच्या मॅचला बहुधा तोच नसतो.

असा एक हरलेला डाव सावकाश उलगडून बघितला पाहिजे. एरँगेलच्या नकाशात चौघे दक्षिणेच्या बेटावर, मिलिटरी बेसला उतरले. झोन, म्हणजे खेळाची सुरक्षित हद्द, पडला उत्तरेला, पाण्यापलीकडे. दोघे म्हणाले निघू, एक म्हणाला दोन मिनिटे थांबा, चांगले हेल्मेट सापडेल. आयजीएल, म्हणजे डावाचे निर्णय घेणारा म्होरक्या, गप्प बसला. उशीर झाल्यावर चौघे एकाच गाडीत कोंबले गेले. लांबून पूल तपासायची जबाबदारी स्नायपरची होती, पण तो गाडीतच बसून राहिला. पुलावर दबा धरून बसलेल्या संघाने गाडी फोडली, चालवणारा नॉक झाला, म्हणजे जायबंदी होऊन पडला, आणि त्याला रिव्हाइव्ह करायला, म्हणजे उठवायला, चौथा गडी धूर न सोडताच धावला. तोही पडला. डाव संपला तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शेवटचे दृश्य होते ते त्याचे. शिव्याही त्यालाच.

चूक पुलावर झाली की बेसवर? थांबणाऱ्याची की थांबू देणाऱ्याची? गाडी एकच घेण्याचे कोणी ठरवले होते का, की ते आपोआपच घडले? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर चौघांचीही नावे घ्यावी लागतात, आणि प्रत्येकापुढे वेगळे मिनिट लिहावे लागते.

खेळाची स्क्रीन हे उत्तर देत नाही. मॅच संपली की समोर येतात ते किती फिनिश (टिपलेले प्रतिस्पर्धी), किती डॅमेज (केलेले नुकसान), किती वेळ जिवंत राहिला हे आकडे, आणि त्यांच्या डोक्यावर एमव्हीपीचा, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा, मुकुट. वेळेवर दिलेली खबर, सोबत्यासाठी सोडलेली बंदूक, न केलेली घाई यांचा आकडा होत नाही. डोटा २ या पाच जणांच्या खेळात तर हे नियमांतच गुंफलेले आहे. तिथला सपोर्ट खेळाडू सोने आपल्या मुख्य लढवय्याला मिळू देतो आणि स्वतःचा वेळ नकाशा उजळणारे वॉर्ड लावण्यात घालवतो. काम चोख केले तरी त्याचे आकडे सगळ्यांत कमी दिसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोईन एजाझच्या नेतृत्वाखाली भारताच्या डोटा २ संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक मिळवले. ते पदकही अशाच कामावर उभे होते, जे आकड्यांच्या तक्त्यात सहज नजरेत भरत नाही.

दुसरी अडचण माणसाच्या स्मरणशक्तीची. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्या कामांत आपला वाटा किती, असे त्यांनी नवरा-बायकोला वेगवेगळे विचारले, तर दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. खेळाडूंमध्येही त्यांना असाच कल आढळला. त्यामागचे एक कारण साधे होते. स्वतः केलेले माणसाला चटकन आठवते, दुसऱ्याने केलेले तितके आठवत नाही. मोबाइलवरच्या खेळात तर दुसऱ्याने केलेले मुळात दिसतच नाही. प्रत्येकाचे डोळे आपापल्या सहा इंचांत गुंतलेले असतात. सोबत्याचे मरणे तेवढे सगळ्यांना दिसते, कारण त्याची पाटी स्क्रीनवर झळकते.

यावर उपाय नाही असे नाही. लीग ऑफ लीजेंड्स हा खेळ बनवणाऱ्या रायट गेम्सने २०११ मध्ये ‘ट्रिब्युनल’ सुरू केले. शिवीगाळीच्या तक्रारींवर खेळाडूच निवाडा करत. २०१४ पर्यंत ते बंद पडले. पण त्या काळात कंपनीच्या संशोधकांना एक महत्त्वाची गोष्ट कळली. बरीचशी शिवीगाळ सराईत भांडकुदळांची नव्हती, एरवी नीट खेळणाऱ्या पण त्या दिवशी बिनसलेल्या साध्या खेळाडूंची होती. टपरीमागची ती चार पोरे वाईट नाहीत, याला याहून चांगला आधार कोणता हवा? त्यांना हरल्यानंतर बोलायचे कसे, हे कोणी शिकवलेले नाही. क्रिकेट शिकायला त्यांच्यासाठी मैदान आहे, प्रशिक्षक आहे, सामन्यानंतर पाठीवर हात ठेवणारा वडीलधारा आहे. या खेळात ते सगळे एकटे आहेत. कितीतरी मुली तर ओरडा खायला नको म्हणून माइक बंद करूनच खेळतात आणि मग ‘बोलत नाही’ म्हणून त्यांच्यावरच खापर फुटते.

हे पत्र मंत्रालयाकडेच येते, त्यालाही कारण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि ते या मंत्रालयाकडे सोपवले. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स वेगळे काढले आणि स्पर्धांसाठी मार्गदर्शक सूचना, प्रशिक्षण अकादमी, संशोधन केंद्रे यांचा मार्ग मोकळा केला. दरम्यान, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत प्रदर्शनी असलेला हा प्रकार हांगझोऊच्या पुढच्या आशियाई स्पर्धांत पदकांचा झाला. म्हणजे मैदान आता सरकारी आहे, आणि मैदानाचे संस्कारही सरकारला घडवता येतात.

मंत्रालयाकडे मागण्या तीनच आहेत.

पहिली, मान्यताप्राप्त स्पर्धांत आणि अकादमींत हरलेल्या मॅचची उजळणी सक्तीची असावी, आणि तिची पहिली पंधरा मिनिटे नावाविना चालावीत. रेकॉर्डिंग लावायचे, शेवटाकडून मागे यायचे आणि फळ्यावर फक्त मिनिट व निर्णय लिहायचे : ‘सहाव्या मिनिटाला बेसवर थांबलो’, ‘नवव्या मिनिटाला एकच गाडी घेतली’. नावे त्यानंतर, आणि ती ज्याची त्याने स्वतः घ्यायची.

दुसरी, स्पर्धेच्या अधिकृत गुणतक्त्यात फिनिश आणि डॅमेज यांच्या शेजारी सोबत्याला उठवल्याच्या नोंदीला आणि सहाय्याला तेवढीच ठळक जागा मिळावी. निवड समिती हाच तक्ता वाचणार आहे. त्यात जे छापले जाईल, तेच पोरे करतील.

तिसरी, प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात संघातल्या बोलण्याला स्वतंत्र तास असावा. गोळी चालवायला बोटे शिकतात. खबर कशी द्यायची, नको असताना ‘नको’ कसे म्हणायचे आणि म्होरक्याने कधी ठाम राहायचे, हे शिकवावेच लागते.

यावर एक शंका हमखास येईल : दोष सगळ्यांत वाटला तर कोणीच जबाबदार राहणार नाही. तसे होऊ नये. मध्येच मॅच सोडून जाणारा, हॅक वापरणारा, सोबत्याच्या आईबहिणीवर उतरणारा यांचा दोष फक्त त्यांचाच आहे आणि शिक्षाही कडकच हवी. वाटणी म्हणजे समान वाटणीही नव्हे. पुलाच्या डावात थांबणाऱ्याचा वाटा धावणाऱ्यापेक्षा मोठा निघू शकतो. पण तो निघतो हिशेब मांडल्यावर. आज हिशेब मांडलाच जात नाही, जो शेवटी पडला त्याच्या नावावर सगळी रक्कम चढवून वही मिटली जाते.

नागपुरात मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल आहे, व्हीएनआयटी आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाची कितीतरी महाविद्यालये आहेत. अशा उजळणीची पहिली कार्यशाळा इथे घ्यावी. फार काही लागणार नाही : एक प्रोजेक्टर, एक फळा, चार-चार जणांचे दहा-बारा संघ आणि मुलांचे ऐकून घेणारा एक प्रशिक्षक. रेकॉर्डिंग मुले स्वतःच घेऊन येतील. सुरुवात एखाद्या पुलावर संपलेल्या डावापासून करावी, आणि रिव्हाइव्ह करायला धावलेल्या त्या चौथ्या पोराला समोरच्या रांगेत बसवून पहिला प्रश्न बाकीच्या तिघांना विचारावा : बेसवरून निघायचे किती वाजता ठरले होते?

उत्तराच्या अपेक्षेत,

नागपूरचा एक क्रीडाप्रेमी नागरिक