ऊन झालेले आणि शिजलेले

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा बाजारपेठांच्या गावांतील व्यापारी कुटुंबांचा दिवस दोन घड्याळांवर चालतो. एक दुकानाचे, दुसरे सूर्याचे. डिसेंबरच्या प्रारंभी बुलढाणा जिल्ह्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि कापसाच्या हंगामात नेमकी तीच वेळ पेढीवरील वर्दळीची असते. ज्या घरांत चौविहार पाळला जातो, तेथे वडील, काका, मुलगा असे पाळीपाळीने दुकानावरून येतात आणि पंधरा मिनिटांत जेवून परततात. अशा घरात मायक्रोवेव्ह ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सकाळचे वरण दोन मिनिटांत ऊन होते आणि गृहिणीला चार वेळा गॅस पेटवावा लागत नाही.

ही सोय खरी आहे. तिच्याबरोबर एक समजूतही घरात शिरली आहे, ती अशी की ताटलीतून वाफ निघाली म्हणजे अन्न निर्धोक झाले. ही समजूत चुकीची का, हे पाहायचे तर यंत्राच्या पोटात काय घडते ते थोडे समजून घ्यावे लागते.

अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाच्या नळ्या तयार होत असत. तेथील अभियंता पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील गोड वडी १९४५ च्या सुमारास अशा नळीजवळ वितळली आणि त्यातून या भट्टीची कल्पना निघाली, असे सांगतात. १९४७ मध्ये बाजारात आलेले पहिले यंत्र माणसाच्या उंचीचे आणि तीनशे किलोंहून अधिक वजनाचे होते. आजचे यंत्र ओट्यावर मावते, तरी तत्त्व तेच आहे. मॅग्नेट्रॉनमधून निघणाऱ्या लहरींची दिशा एका सेकंदात २४५ कोटी वेळा उलटसुलट होते. पाण्याचे रेणू त्यांच्याबरोबर फिरू पाहतात, एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. म्हणजे येथे चूल नाही. अन्नातील पाणीच स्वतः तापते.

या लहरी अन्नात साधारण अडीच ते चार सेंटिमीटरच शिरतात. अन्न आतून बाहेर शिजते, हे सर्रास सांगितले जाणारे वाक्य त्यामुळे खोटे ठरते. भांडे खोल असेल तर मध्यभागाला उष्णता पोहोचते ती कडेकडून, हळूहळू. शिवाय बंद पेटीत या लहरी भिंतींवर आपटून परततात, तेव्हा काही जागी त्यांचा जोर दुप्पट होतो आणि काही जागी जवळजवळ शून्य. दोन तीव्र ठिकाणांत सुमारे सहा सेंटिमीटरांचे अंतर पडते. याचा पुरावा घरीच मिळतो. फिरत्या तबकडीखालचे रिंगण काढून ठेवून एक मोठा मुगाचा पापड अर्धा मिनिट आत ठेवावा. काही ठिकाणी तो फुलून पांढरा होईल आणि शेजारीच कच्चा राहील. वरणाच्या भांड्यातही हेच घडते, फक्त तेथे ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून ऊन करताना अन्न पसरट भांड्यात, शक्य तर मधोमध जागा मोकळी ठेवून कडेने लावावे, सैल झाकण ठेवावे, अर्ध्या वेळेला बाहेर काढून तळापासून ढवळावे आणि यंत्र थांबल्यावर दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. ही दोन मिनिटे घाईच्या घरांत हमखास वगळली जातात. वास्तविक कडेची उष्णता मध्यापर्यंत पोहोचते ती याच काळात. जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती स्वयंपाकासाठी दिलेल्या नियमांत अन्नाच्या मध्यभागी ७० अंश सेल्सिअस तापमान गाठावे असे म्हटले आहे. बोटाला चटका बसतो तो त्याच्या कितीतरी आधी, तेव्हा बोट हे मोजमाप नव्हे. टोकदार दांडीचा स्वयंपाकाचा तापमापक आता सहज मिळतो आणि यंत्राच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य आहे. तान्ह्या मुलाची दुधाची बाटली मात्र या यंत्रात मुळीच ठेवू नये. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतील एखादा घोट जीभ पोळण्याइतका कढत असतो.

एवढे सांभाळले तरी खरी अडचण यंत्राच्या आधी घडून गेलेली असू शकते, आणि आपल्या जिल्ह्यात तिचे कारण उन्हाळा. रात्री उरलेले अन्न सकाळी न खाण्याची शिस्त अनेक जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे शिळ्या अन्नाचा प्रश्न आपल्याकडे नाही, असे त्यांना वाटते. परंतु सकाळी दहाला उतरवलेला भात संध्याकाळी साडेपाचला ऊन केला तर मध्ये साडेसात तास गेले. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात आणि शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. हवा ३२ अंशांपलीकडे गेली की अमेरिकेचे कृषी खाते ही मुदत एका तासावर आणते. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. मग ओट्यावर झाकून ठेवलेल्या कुकरला साडेसात तास कसले, दुपारचे बाराही सुरक्षित म्हणता येत नाहीत.

भाताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात व विष तयार करतात. त्यातील उलट्या घडवणारे विष इतके चिवट आहे की नंतर भात उकळत्या वाफेइतका तापवला तरी ते नष्ट होत नाही. जंतू मरतात, विष राहते. सकाळी बिघडलेला भात संध्याकाळी ऊन करून दुरुस्त होत नाही, तो फक्त ऊन होतो.

उपाय अवघड नाही. संध्याकाळसाठी ठेवायचा भात, वरण किंवा उसळ उतरवल्यावर लगेच परातीत पसरून वाफ जाऊ द्यावी आणि तासाच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावी. डबे माणशी असावेत. एकच मोठे पातेले वडिलांसाठी, मग काकांसाठी, मग मुलासाठी असे तीन वेळा तापवणे आणि निववणे यासारखी वाईट पद्धत दुसरी नाही. सकाळी दुकानावर गेलेला डबा अर्धवट परत आला तर त्यातील अन्न पुन्हा ऊन करण्याच्या फंदात पडू नये.

किती वेळ तापवावे, याचे गणित व्यापाऱ्याला शिकवावे लागू नये. ते साधे त्रैराशिक आहे. ८०० वॅटच्या यंत्रासाठी तीन मिनिटे सांगितली असतील तर ७०० वॅटच्या यंत्राला सुमारे तीन मिनिटे पंचवीस सेकंद लागतील. अन्न दुप्पट केले तर वेळही जवळजवळ दुप्पट. ८०० वॅट हा अन्नाला मिळणारा जोर असतो. महावितरणच्या मीटरवर त्यासाठी सुमारे १२०० वॅट पडतात. तीन मिनिटांना एका युनिटाचा सोळावा हिस्सा जातो, म्हणजे विजेची चिंता येथे फारशी नाही. चिंता जोडणीची आहे. यंत्राला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि खरोखर काम करणारे अर्थिंग हवे. दिवाळीच्या माळांचा एक्स्टेन्शन बोर्ड त्याला चालत नाही.

बर्फ उतरवण्याचे काम या घरांत मटार, मका किंवा माव्यापुरते येते. बर्फ या लहरी फार कमी शोषतो आणि पाणी भराभर. त्यामुळे माव्याच्या गोळ्याचा एक कोपरा सुटला की सगळी उष्णता तोच ओढून घेतो; कोपरा करपतो आणि मधला भाग दगडासारखा राहतो. डीफ्रॉस्टच्या बटणावर यंत्र थांबून थांबून चालते ते याचसाठी. ते बटण वापरावे, गोळा मधूनमधून उलटावा, सुटलेला भाग खरवडून बाजूला घ्यावा, आणि एकदा सुटलेला माल पुन्हा गोठवू नये.

बटाटा वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरात कच्च्या केळ्यांचे महत्त्व मोठे. ती सालासकट उकडायची असतील तर प्रत्येकाला लांब चीर द्यावी. आतील वाफेला वाट मिळाली नाही तर केळे फुटते, आणि पुष्कळदा ते फुटते दार उघडल्यानंतर, तोंडासमोर. शेगावहून आणलेली कचोरी ऊन करण्याचा मोह मात्र आवरावा. आतील ओल बाहेर येऊन आवरण चिवट होते आणि सारण तोंड पोळवते. तिला तवाच बरा.

उकळलेले पाणीच पिणाऱ्यांनी या यंत्राबाबत विशेष सावध असावे. गुळगुळीत काचेच्या पेल्यात, विशेषतः एकदा तापवून निवलेले पाणी पुन्हा तापवले, तर बुडबुडे धरायला जागा न मिळाल्याने ते १०० अंश ओलांडूनही शांत दिसते. पेला हलला किंवा त्यात चमचा पडला की क्षणात सगळे उसळून अंगावर येते. तीन उकळ्या आल्या की नाही, हे तेथे दिसतही नाही. हे काम पातेल्याचे आहे, ते पातेल्यालाच असू द्यावे.

भांड्यांविषयी थोडे. स्टीलची वाटी, चांदीची वाटी, सोनेरी काठाची बशी, वर्ख लावलेली बर्फी यांतून ठिणग्या उडतात; चांदीसाठी नाव असलेल्या खामगावात हे जरा अधिक ठासून सांगायला हवे. मेलॅमाइनच्या ताटल्या स्वतःच तापतात. मिठाईचे आणि आइस्क्रीमचे रिकामे प्लॅस्टिक डबे तर मुळीच नकोत, कारण तुपाचे पदार्थ पाण्याहून कितीतरी अधिक तापतात आणि पातळ प्लॅस्टिक मऊ होते. भांडे चालेल का, हे पाहायचे तर ते रिकामे आणि शेजारी पाण्याने भरलेला पेला असे एक मिनिट ठेवावे. पाणी तापले व भांडे थंड राहिले तर चालेल. धातूच्या भांड्याची अशी परीक्षा करू नये. हल्ली बहुतेक यंत्रांत कन्व्हेक्शनचीही सोय असते. त्या वेळी आत खरी गरम हवा खेळते, धातूचा साचा चालतो, आणि एरवी चालणारा प्लॅस्टिकचा डबा वितळतो. घरातील प्रत्येकाला हा भेद ठाऊक नसेल तर बटणाशेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवावी.

किरणांची भीती अनेकांना वाटते. या लहरींनी अन्नात काहीही साठून राहत नाही; यंत्र थांबताच त्या संपतात. दार नीट बसत असेल तोवर बाहेर येणारा अंशही नियमांच्या मर्यादेत, अत्यल्प असतो. दार वाकलेले, बिजागरी सैल किंवा काठाची पट्टी चिकट घाणीने भरलेली असेल तर यंत्र चालवू नये. वर विणलेला रुमाल आणि त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवून हवेची भोके बंद करू नयेत. आत पेट घेतलाच तर दार बंदच ठेवून भिंतीवरचे बटण आधी बंद करावे. आणि दुरुस्तीसाठी घरातील हौशी मुलाने त्याचे झाकण उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार काही काळ शिल्लक असतो.