जळालेला वाडा काय शिकवतो?

इंग्लंडच्या सरे परगण्यातला क्लॅन्डन पार्क हा लाल विटांचा वाडा. जाकोमो लिओनी या इटालियन वास्तुविशारदाने १७३०च्या सुमारास ओन्स्लो घराण्यासाठी बांधलेला. बाहेरून साधा चौकोनी ठोकळा, आत मात्र दोन मजली उंच संगमरवरी दालन! २९ एप्रिल २०१५ला तळघरातल्या सदोष डिस्ट्रिब्युशन बोर्डने पेट घेतला. छप्पर, मजले जवळजवळ सगळं गेलं. विटांच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

१९८९मध्ये जळालेलं अपपार्क हाऊस नॅशनल ट्रस्टने पुन्हा होतं तसं उभं केलं. क्लॅन्डनच्या उघड्या भिंतीच लोकांना दाखवायच्या, असं मात्र याच ट्रस्टने २०२२मध्ये ठरवलं. अनेकजण चिडले. अपपार्कच्या कामामुळे विसरलेली प्लॅस्टरकला पुन्हा जिवंत झाली, हे मान्य. तरी मला क्लॅन्डनचा निर्णय पटतो. वीट कशी रचली, तुळई कुठे टेकली, धुराडं भिंतीतून कसं नेलं, हे धडधाकट वाड्यात कधी दिसलंच नसतं. सिव्हिलवाल्यांना याहून चांगलं पुस्तक कुठलं?

आणि हो, पावणेतीनशेहून जास्त वर्षं टिकलेला वाडा एका बोर्डाने खाल्ला. तेव्हा रूममधला बोर्ड गरम लागला, तर 'चालतंय की' म्हणू नका. लगेच सांगा!