खाणीच्या ढिगाऱ्यातील दौलत

आमच्या गावाचे नाव लोहा. पण येथे लोखंडाची खाण नाही आणि आमचा धंदा कापडाचा. तरीही खाणींविषयी लिहीत आहोत, कारण उरलेल्या मालाची किंमत आमच्या धंद्यात लवकर कळते. जिनिंगमध्ये रुई काढली की सरकी उरते. तिचे तेल निघते, पेंड जनावरांना जाते. सरकी फेकणाऱ्या जिनवाल्याचे दिवाळे निघायला वेळ लागणार नाही.

खाणींत मात्र हेच घडत आले. मुख्य खनिज विकायचे, बाकीचे ढिगाऱ्यात टाकायचे. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करताना त्यातील थोडे गॅलियम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उतरते आणि ते वेगळे काढता येते. हा धातू चिप आणि एलईडी दिव्यांना लागतो. २०२३ साली चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. आपल्या कोल्हापूरचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्याला जात असे. पण त्यातील गॅलियमची चर्चा कोणी केली?

ढिगाऱ्यातून माल निघतो, हे नागपूरकडे दिसले आहे. तेथे वेस्टर्न कोलफील्ड्सने कोळशावरच्या मातीतून वाळू काढून विकली. गोदावरीकाठच्या आम्हा लोकांना वाळूचे मोल सांगायला नको.

केंद्र सरकारने २०२३ साली ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली, जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. त्याच वर्षी खाण कायदा बदलला. आता चालू खाणपट्ट्यात असे खनिज सापडले, तर ते पट्ट्यात जोडून घेण्यासाठी खाणवाल्याला जादा रक्कम द्यावी लागत नाही. सवलत चांगली आहे. परंतु व्यवहार एकतर्फी नसावा. सवलतीच्या बदल्यात राज्याने दोन अटी घालाव्यात: प्रत्येक जुन्या ढिगाऱ्याची तपासणी करून तिचा निकाल जाहीर करावा आणि शुद्धीकरणाचा कारखाना याच राज्यात काढावा. त्याचे सांडपाणी शेतात जाणार नाही, ही जबाबदारीही कारखानदाराचीच.

नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली. आज आमच्या भागातला कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि आम्ही सुरतेहून, इचलकरंजीहून कापड आणून विकतो. कापूस आमचा, नफा दुसऱ्याचा! खनिजांच्या बाबतीत तरी आपण गाफील राहू नये.